सगळ्यात पातळ काचेसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस ८ च्या आसपास, पंचेचाळिशी उलटल्यावर वाचनासाठी २ चा ॲड (लांबच्या नंबरात मिळवायचा जास्तीचा नंबर) लागला आणि आता पहिलाच प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि वाचनाचा नंबर असलेला) चष्मा ऑनलाइन मागवायचाय. फ्रेम मोठी, चौकोनी आवडली आहे. १.६७ इंडेक्सच्या (इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वाकवते त्याचं माप) काचेऐवजी १.७४ घेतली तर काचांचा खर्च जवळपास दुप्पट होतो. घ्यावी का?

माझ्या मते नको. पैसे वाचवण्यासाठी नव्हे, ते दुसरीकडे जास्त उपयोगी पडतील म्हणून.

मायनसच्या काचेची जाडी कडेला असते. इंडेक्स वाढला की ती घटते, पण काचेचा मध्य कडेपासून जितका लांब तितकी ती वर्गाच्या हिशोबाने वाढते. ढोबळ गणित बघा. मध्यापासून कड २५ मिमीवर असेल, तर मायनस ८ ला साध्या १.५ काचेची कड मध्यापेक्षा ५ मिमी जाड भरते. १.६७ मध्ये हाच फरक ३.७ आणि १.७४ मध्ये ३.४. म्हणजे पहिल्या उडीत १.३ मिमी कमी झाले, दुसऱ्या महागड्या उडीत जेमतेम ०.३. आता इंडेक्स १.६७ च ठेवा आणि कड २२ मिमीवर येईल अशी लहान फ्रेम निवडा: फरक २.९ वर येतो. मोठ्या फ्रेममधल्या १.७४ पेक्षाही पातळ, तेही फुकट! शिवाय १.७४ चं मटेरियल जास्त घन असल्यामुळे वजनातही फारसा फरक पडत नाही. फक्त फ्रेम फार बुटकी घेऊ नका, नाहीतर खालचा वाचनाचा भाग कापला जाईल. त्या डिझाइनला किमान किती उंची लागते, ते विक्रेत्याला विचारा.

अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगवर मात्र काटकसर नको. १.६७ ची काच कोटिंगशिवाय प्रत्येक पृष्ठभागावरून ६ टक्क्यांच्या वर प्रकाश परावर्तित करते. बहुतेकदा ते किमतीत धरलेलंच असतं, तेव्हा वेगळं बिल लागलं तर विचारून घ्या.

खरी जोखीम मापात आहे. तुमच्या नंबरला काचेचा मध्य २ मिमी सरकला की १.६ प्रिझम डायॉप्टर (प्रतिमा बाजूला सरकवणाऱ्या परिणामाचं एकक) तयार होतो, आणि दोन डोळ्यांच्या काचा वेगवेगळ्या सरकल्या तर डोकं दुखायला तेवढं पुरतं. प्रोग्रेसिव्हला दोन्ही डोळ्यांची पीडी (नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर) वेगवेगळी लागते आणि फिटिंग हाइट (फ्रेमच्या खालच्या कडेपासून बाहुलीपर्यंतची उंची) तर तीच फ्रेम चेहऱ्यावर चढवून घ्यावी लागते. फोनच्या सेल्फीवरून काढलेल्या मापावर एवढा खर्च मी करणार नाही. १.७४ साठी बाजूला काढलेल्या रकमेतून एखाद्या ऑप्टिशियनला मापाची फी द्या. ऑनलाइन मागवायचंच असेल तर आधी फ्रेम मागवा, मापं घ्या आणि मगच काचा बनवायला द्या.

ऑर्डरआधी अटी वाचा. 'रिटर्न' हा शब्द बहुधा फ्रेमपुरता असतो. नंबरप्रमाणे बनवलेली काच परत घेतात का, आणि सवय झाली नाही तर दुसरी फुकट बनवून देतात का, हे लेखी घ्या. समजा चारात एकदा चष्मा जमला नाही आणि पैसे बुडाले, तर जमलेल्या चष्म्याची खरी किंमत छापील किमतीच्या सुमारे १.३३ पट धरायला हवी. या हिशोबात स्वस्त दिसणारा पर्याय पुष्कळदा महागात जातो.

आणखी एक. वाचनाचा ॲड साठीपर्यंत हळूहळू वाढतच जातो. त्यामुळे ही काच दोन-तीन वर्षांची खरेदी समजा आणि किंमत तेवढ्या महिन्यांनी भागून बघा. हप्त्यावर तर मुळीच घेऊ नका.

उरलेल्या पैशांतून फक्त लांबच्या नंबरचा एक साधा चष्मा घेऊन ठेवा. त्याला फिटिंग हाइटची इतकी कटकट नसते, पीडी बरोबर दिली की ऑनलाइन खुशाल मागवा. मायनस ८ वाल्याचा एकुलता एक चष्मा मोडला तर नवा येईपर्यंतचे दिवस फार अवघड जातात.