सायकलच्या टाइम ट्रायलसाठी (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) आधी एअरो चाकं (हवेचा अडथळा कमी करणारी) घेऊ की बसण्याची ढब सुधारू?

आधी ढब सुधारा, चाकं नंतर. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि त्या अडथळ्यात सायकलपेक्षा तुमच्या शरीराचा वाटा कितीतरी मोठा असतो. शिवाय ही ताकद वेगाच्या घनाने वाढते: ४० वरून ४४ वर जायला हवेपोटी सुमारे ३३ टक्के जास्त वॉट लागतात. म्हणून कोपर आत, डोकं खाली खांद्यांच्या रेषेत, जर्सी अंगाला घट्ट. फडफडणारं कापड खरंच वेग खातं. मात्र हँडल एकदम खाली नेऊ नका. एका वेळी ५ मिमीचाच स्पेसर (हँडलखालची कडी) काढा आणि पॉवर मीटरवर (पायांची ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र) २० मिनिटांचे वॉट तपासा. मांडी पोटाला दाबू लागली की पायातला जोर घटतो आणि कमावलेला वेग तिथेच जातो.