इंटरव्ह्यूचं होईल, आधी अनुभवाच्या पत्राचं बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. बीएचएमएस करून नाशिकला आरएमओ (हॉस्पिटलात ड्युटीवर राहणारी डॉक्टर), आता पुण्यात इम्प्लिमेंटेशन कन्सल्टंटचा, म्हणजे हॉस्पिटलात सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याच्या जागेचा इंटरव्ह्यू, रात्री जागून एचएल सेव्हन (हॉस्पिटलातल्या सिस्टिम एकमेकींना मेसेज पाठवतात त्याचं स्टँडर्ड) पाठ करताय, आणि शेवटी एका ओळीत 'एचआर अनुभवाचं पत्र द्यायला टाळाटाळ करतंय, ते नंतर बघू'. ताई, ते नंतर नका बघू.

रेझ्युमे, 'स्वतःबद्दल सांगा' वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला येतंच. एचएल सेव्हनचे सेगमेंट, म्हणजे मेसेजचे भाग, घोकून फार हाती लागत नाही. ए०१ मेसेज ॲडमिशनचा, ए०३ डिस्चार्जचा, ओआरयूने लॅबचा रिपोर्ट येतो, इतपत पुरतं. खोदून विचारतात ते प्रसंग. मला विचारलेला सांगतो: कॅज्युअल्टीत बेशुद्ध पेशंट, 'अननोन मेल' म्हणून नोंदवला, रक्त-सीटी सगळं त्याच नंबरवर झालं, मग नातेवाईक जुनी फाइल घेऊन आले, तिच्यात वेगळा यूएचआयडी (हॉस्पिटलचा पेशंट नंबर) आणि पेनिसिलिनची ॲलर्जी. आता काय कराल? बहुतेक जण लगेच 'दोन्ही रेकॉर्ड मर्ज करू' म्हणतात. अहो, आधी वॉर्डला फोन, कारण अँटिबायोटिक एव्हाना लिहिलेलं असू शकतं. मग मर्जचा अधिकार कोणाला, रिसेप्शनला की एमआरडीला (मेडिकल रेकॉर्ड विभाग), कुठला नंबर ठेवायचा, आणि मर्ज झाल्याचा ए४० मेसेज लॅब आणि पॅक्सपर्यंत (सीटी, एक्स-रे साठवणारी सिस्टिम) पोचला का, नाहीतर सीटी जुन्या नंबरखालीच पडून राहतो. तुम्ही आरएमओ आहात, हे रोज बघितलंय तुम्ही, कोऱ्या इंजिनिअरला हे सुचत नाही. तेच बोला.

डिस्चार्जला उशीर का होतो हेही हमखास येतं. मी फार्मसीतून आलोय म्हणून सांगतो, वॉर्डातून उरलेली औषधं परत येऊन एंट्री होईपर्यंत फायनल बिल निघत नाही आणि बिलाशिवाय टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) फायनल मंजुरीसाठी काही जात नाही. कॅशलेसमध्ये फायनल मंजुरी तीन तासांत द्यायची असं आयआरडीएआयने (विमा नियामक) २०२४ मध्ये विमा कंपन्यांना बजावलंय, पण ते घड्याळ हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर सुरू होतं. आभा नंबर (पेशंटचा सरकारी हेल्थ आयडी) १४ आकडी, एबीडीएम (आयुष्मान भारत डिजिटल मिशन) एफएचआयआर आर४ या रेकॉर्ड देवाणघेवाणीच्या स्टँडर्डवर चालतं, पेशंटच्या संमतीशिवाय रेकॉर्ड हलत नाही, एवढं डोक्यात ठेवा. स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांचे कोड) भारतात फुकट वापरता येतं आणि त्याचं केंद्र पुण्यातच सी-डॅकमध्ये आहे, पुण्यातल्या इंटरव्ह्यूला हे माहीत असलेलं बरं. (अमेरिकन क्लायंट असेल तर हिपा, म्हणजे तिकडचा पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचा कायदा, विचारतील, त्यात मी पडलो नाहीये, तिथे माझं ऐकू नका.)

आता पत्राचं. माझ्या जुन्या हॉस्पिटलात नवीन सिस्टिम आली तेव्हा फार्मसीचा अख्खा आयटम मास्टर (सिस्टिममधली औषधांची मूळ यादी) मी बसवला, गो-लाइव्हला, म्हणजे सिस्टिम चालू झाली तेव्हा, रात्रपाळीत स्टाफला शिकवलं. पत्रात काय आलं? 'स्टोअर असिस्टंट'. बदलून मागितलं तर एचआरचं एकच पालुपद, सर सही करतील, सोमवारी या. सोमवारी सर रजेवर. तिकडे नव्या कंपनीच्या व्हेरिफिकेशनवाल्यांनी मेल पाठवला, त्याला उत्तरच नाही, फोन केला तर 'रेकॉर्ड सापडत नाही'. माझी फाइल त्यांच्याच मागच्या कपाटात, पाठीवर माझं नाव लिहिलेली, मला काउंटरवरून दिसत होती! जॉइनिंग पुढे पुढे ढकलत शेवटी ती जागा दुसऱ्याला दिली. इंटरव्ह्यू पास होऊन. अजून आठवलं की डोकं तापतं. ज्या माणसाने आपल्याकडे इमानाने काम केलं त्याला त्याचा कागद देणं म्हणजे उपकार नाहीत.

म्हणून राजीनामा देण्याआधीच, त्यांना तुमची गरज आहे तोवर, मेडिकल सुपरिंटेंडंटकडून लेटरहेडवर वेगळं पत्र घ्या, पदनाम आणि सॉफ्टवेअरशी आलेला संबंध स्पष्ट लिहून: डिस्चार्ज समरीचे टेम्प्लेट, ट्रेनिंग, जे खरंच केलं असेल ते. एचआरकडे तोंडी नको, मेलवरच मागा आणि सीसीत सुपरिंटेंडंट. अपॉइंटमेंट लेटर, पगाराचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ आत्ताच मिळवून ठेवा. पीएफ कापत असतील तर यूएएनवरची (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) सर्व्हिस हिस्टरी बरेच व्हेरिफिकेशनवाले मानतात (सगळेच मानतील असं नाही), आणि सोडल्यावर त्यांनी एक्झिट डेट टाकली नाही तर शेवटचं कॉन्ट्रिब्यूशन जमा झाल्यावर दोन महिन्यांनी आधार ओटीपीने आपली आपण टाकता येते. आणि नव्या कंपनीच्या एचआरला आधीच मोकळेपणाने सांगा की तिकडून उत्तर उशिरा येईल, पर्यायी पुरावे हे घ्या. माझ्या मते यात लपवण्यासारखं काही नाही, पण प्रत्येक कंपनीची पॉलिसी वेगळी, तेवढं विचारून घ्या.

मेल मराठीत लिहायचा की इंग्रजीत असं विचारलं होतंत, इंग्रजीतच लिहा, पुढे व्हेरिफिकेशनला तोच जोडता येतो. मसुदा हवा असेल तर सांगा, माझा शोधून टाकतो.