संवाद छान, तरी एकांकिका थंड का?

प्रश्न : घर विकण्यावरून बाप-लेकीत वाद, अशी एकांकिका लिहिली. संवाद सगळ्यांना आवडतात, पण तालमीत रंगत नाही. भांडण पाचव्या पानावर सुरू होतं. काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : अगं, पहिली चार पानं काढून टाक. लेकीला घर विकायचंय, बापाला नाही, हे पडदा उघडताच दिसू दे. मग साधं ‘चहा ठेवू का?’सुद्धा पेटतं. आपल्या शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ (१९७०) वाच. बेलवलकर सुरुवातीलाच सगळं मुलांना वाटून टाकतात. पुढचं दुःख त्या एका कृतीतून येतं. कालिदास कलामंदिरात विंगेतून मी कितीदा पाहिलंय, पात्र गप्प होतं तेव्हाच प्रेक्षक पुढे सरकतात. बापाला एकदा तरी उत्तर न देता कुलूप लावू दे.