पाठ लोकांकडे, तोंड लेकराकडे

“मॅडम, यंदा सुट्टीला कुठे जायचंच नाही असं ठरवलंय. पण मग मोठीचं काय? तिनं काय पाप केलंय?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ती हे बोलून मोकळी झाली. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेला. मुलगी तेरा वर्षांची. आई लेकाला राजा म्हणते, मीही इथे तेच म्हणते. कुणाची ओळख पटू नये एवढे बदल तपशिलात केले आहेत. सुट्ट्या जवळ आल्या की असे पालक माझ्याकडे येतातच आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: पोराला आम्ही सांभाळू हो, पण बघणाऱ्यांचं काय करायचं?

आदल्या वर्षीची हकीकत तिनं सांगितली. हॉटेलचा डायनिंग हॉल, सकाळची गर्दी. बशांचा खणखणाट, टोस्टरची टिंग, फरशीवरून खरखरत ओढलेली खुर्ची, आणि राजाची रोजची निळी वाटी नेमकी घरी राहिलेली. तो टेबलाखाली शिरला आणि कान दाबून किंचाळायला लागला. पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ म्हणाले, “दोन फटके द्या, लगेच गप्प बसेल. लाडावून ठेवलंय नुसतं.” ते ऐकून हिनं राजाचा दंड धरला आणि त्याला बाहेर ओढायला लागली. राजा तिच्या मनगटाला चावला. चार दिवसांची सहल दुसऱ्याच दिवशी संपली.

मनगटावरची खूण तिनं मला दाखवली. मग बाही खाली ओढत म्हणाली, “हे नाही हो दुखलं.”

काय दुखलं, ते सांगायला तिला आणखी दोन भेटी लागल्या. मधल्या काळात मी एक चूक केली, ती आधी सांगते.

मी तिला कार्ड छापून घ्यायला सांगितलं. ‘माझ्या मुलाला ऑटिझम आहे, तो हट्ट करत नाहीये, कृपया समजून घ्या’ अशा अर्थाचं. बऱ्याच पालकांना त्याचा उपयोग होतो, म्हणून मला वाटलं हिलाही होईल. पुढच्या रविवारी बाजारात राजा बिथरला तेव्हा हिनं पर्समधून कार्डं काढली आणि एकेकाला द्यायला लागली. एका बाईंनी कार्ड वाचून प्रश्न विचारले, हिनं उत्तरं दिली. मागे वळून बघते तर राजा नाही. सापडला तो फाटकाजवळच्या कारंज्यापाशी, पाण्यात हात घालून बसलेला. दोन मिनिटंच झाली असतील, पण ती सांगत होती तेव्हा तिचा आवाज कापत होता आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

ऑटिझम असलेली मुलं अशी निसटतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात १,२०० हून अधिक कुटुंबांना याबद्दल विचारलं होतं. त्यातल्या जवळपास निम्म्या मुलांनी वयाच्या चार वर्षांनंतर एकदा तरी असं निघून जायचा प्रयत्न केला होता. त्यातून यातल्या अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ, आणि अशा वेळी बुडण्याचा धोका सगळ्यात मोठा. हे सगळं ठाऊक असूनही मी तिला लोकांच्या समजुतीचं काम दिलं होतं. ती ज्या वेळी लोकांकडे वळली, त्याच वेळी तिची पाठ राजाकडे झाली.

यानंतर आमच्या बोलण्याचा रोख बदलला. लोकांनी काय विचार करावा हे आपल्या हातात नाही, हे तिला मी सांगायची गरजच नव्हती. ते सगळ्यांनाच माहीत असतं आणि कुणाच्याच उपयोगी पडत नाही. मी तिला एवढंच विचारलं, “त्या हॉलमध्ये राजाचा दंड तुम्ही कुणासाठी धरलात?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या माणसासाठी.”

राजा टेबलाखाली का गेला, हे तिला मनात खोलवर ठाऊक होतं. १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन पहिल्यांदा केलं, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की या मुलांना सगळं जसंच्या तसं राहायला हवं असतं. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा असह्य त्रास होणं हे मात्र निदानाच्या अमेरिकी निकषांमध्ये २०१३ साली आलं. पालक ते त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते. आता सहल म्हणजे काय ते बघा: खोली वेगळी, अंथरूण वेगळं, जेवायची वेळ वेगळी, वाटीसुद्धा वेगळी. आपण ज्याला ‘बदल’ म्हणून पैसे मोजतो, तोच या मुलाच्या मुळावर येतो. टेबलाखाली अंधार होता, तीन बाजूंनी आडोसा होता. राजानं त्या हॉलमधली सगळ्यात शहाणपणाची जागा शोधली होती, असं माझं मत आहे.

हट्ट करणारं मूल मधूनच डोळे किलकिले करून बघतं, आई विरघळली का? हवं ते मिळालं की थांबतं. राजासारख्याचा जो उद्रेक होतो, ज्याला आम्ही ‘मेल्टडाऊन’ म्हणतो, त्यात त्याला काहीच मिळवायचं नसतं. त्या वेळी समजावून सांगणं म्हणजे आवाजात आणखी एक आवाज. शब्द कमी करायचे, जवळ बसायचं, आवडत नसेल तर हात लावायचा नाही, जमेल तेवढा उजेड-आवाज अडवायचा आणि थांबायचं. हे करणारी आई लांबून बघणाऱ्याला काहीच न करणारी दिसते. खरी अडचण इथेच आहे. जे बरोबर आहे ते बाहेरून बेफिकिरी वाटतं, आणि चारचौघांत शोभून दिसावं म्हणून जे केलं जातं त्यानं मूल आणखी बिथरतं.

‘लाडावून ठेवलंय’ हा शब्द तिच्या मनातून जात नव्हता. दोन-तीनदा तिनं विचारलं, “खरंच माझं काही चुकलं असेल का?” तेव्हा मी तिला सांगितलं की हा आरोप तिच्यापेक्षा वयानं मोठा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर चांगले शिकलेले डॉक्टरही ऑटिझमचं खापर आईवर फोडत. आई थंड, मायेला कमी, म्हणून मूल असं, असं म्हणत. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी हे जैविक आहे, आईबापांच्या वागण्याचं फळ नव्हे, अशी ठाम मांडणी केली. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. तेव्हा आई थंड म्हणून दोषी होती, आता लाड करते म्हणून. ती हसली. माझ्यासमोर ती पहिल्यांदाच हसत होती.

चौथ्या भेटीत मात्र ती हसत नव्हती. राजा घरी गाड्यांची रांग लावत बसला होता. मध्येच मान वर न करता म्हणाला, “दोन फटके द्या, लगेच गप्प बसेल.” त्या गृहस्थांच्याच सुरात, त्यांच्याच हेलात. जवळपास वर्षानंतर.

ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी, कधी कधी महिन्यांनीही म्हणणं हे या मुलांमध्ये पुष्कळदा दिसतं. त्याला त्याचा किती अर्थ लागला होता, हे मी सांगू शकत नाही. पण त्यानं ऐकलं होतं हे नक्की. किंचाळत असताना, कान दाबलेले असताना ऐकलं होतं. आईला जो धक्का बसला तो वेगळाच होता: “म्हणजे मी लोकांना त्याच्याबद्दल जे जे सांगते, तेही तो ऐकतो?”

होय. ‘याला कळत नाही हो काही’, ‘काय करणार, आमचं नशीब’, हे सगळं. लोकांची तोंडं बंद करायला आपण जे बोलतो ते लोक दाराबाहेर पडताना विसरतात, लेकरू घरी घेऊन येतं. मग आम्ही एक वाक्य ठरवलं, राजानं ऐकलं तरी चालेल असं: “त्याला आवाजाचा त्रास होतोय. मी आहे त्याच्याजवळ.” समोरच्याकडे न बघता म्हणायचं, एकदाच. त्यावर कुणी काही बोललं तर उत्तर द्यायचं नाही. तिला हे उद्धट वाटत होतं. मी म्हटलं, वाटू दे.

आता ते न दुखलेल्या मनगटाचं. टेबलाखाली हे सगळं चाललं असताना राजाचे बाबा उठले आणि ताडताड चालत हॉलबाहेर गेले. ही राजाला कशीबशी घेऊन बाहेर आली, तर ते लिफ्टचं बटण दाबून उभे. मागे वळूनही बघितलं नाही. “जसे काही आमचे कुणीच नाहीत,” ती म्हणाली. आई, बाबा आणि मधे चालणारी मोठी मुलगी, जिला कुणाकडे बघावं कळेना. वर्षभर दोघांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या अनोळखी माणसावर मात्र रोज रात्री बोलणं होई. तो सोयीचा होता.

बाबांना मी बोलावलं. ते आले, ताठ बसले, आणि पहिलंच वाक्य: “अख्खा हॉल आमच्याकडे बघत होता.” समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये लिहून ठेवलंय की कलंक ज्याला चिकटतो, त्याच्याजवळ उभ्या असलेल्यालाही तो चिकटतो, आणि म्हणून काही जण चार पावलं लांब उभे राहतात. बाबांना मी हे सांगितलं ते त्यांना दोष द्यायला नाही. त्यांनी जे केलं त्याला नाव आहे, ते माणसं करतात, एवढं कळलं की बोलता येतं. ते बोलले. त्यांच्या लहानपणी चारचौघांत तमाशा केला की मार ठरलेला. टेबलाखाली राजा किंचाळत होता तेव्हा यांचा हात खरोखरच शिवशिवला होता. “मी थांबलो असतो तर मारलं असतं, म्हणून गेलो.” बायकोनं हे पहिल्यांदाच ऐकलं. खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही, आणि मीही मधे पडले नाही.

लोकांच्या बघण्याबद्दल त्यांना मी एक प्रयोगही सांगितला. २००० साली मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाजच वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांच्या तरी हे लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात आलं होतं जेमतेम पाव लोकांच्या. बाबा हुशार, लगेच म्हणाले, “टी-शर्ट किंचाळत नाही.” बरोबर आहे. किंचाळणाऱ्या मुलाकडे सगळेच बघतात, ते मी नाकारलं नाही. मी उलट विचारलं, त्याच सकाळी हॉलमध्ये आणखी कुणाचं मूल रडत होतं का? कुणाच्या हातून काही सांडलं का? दोघांनाही आठवेना. “बाकीचेही तुमच्याबद्दल आज इतपतच आठवत असतील,” मी म्हटलं. ते गृहस्थ धरून.

मग तयारीला लागलो. सगळी इथे देत बसत नाही, कारण राजाची तयारी तुमच्या मुलाच्या कामाची असेलच असं नाही. निळी वाटी, घरची उशी, कानावरचे आवाज अडवणारे हेडफोन या वस्तू ठरल्या. हॉटेलकडून खोलीचे आणि डायनिंग हॉलचे फोटो मागवून मोठीनं त्यांचं एक पुस्तक केलं, राजा ते रोज रात्री चाळत असे. नाश्त्याला हॉल उघडतो तेव्हाच जायचं, भिंतीकडचं टेबल घ्यायचं. दिवसाला बाहेरचा कार्यक्रम एकच. आणि एक अनोळखी माणसांबद्दल: सगळ्यांना सांगायचं नाही, पण तिघांना आधीच सांगायचं. रिसेप्शनवरचा माणूस, हॉल सांभाळणारा आणि पाण्याजवळचा जीवरक्षक. मूल निसटलं तर कामाला येणारे हेच. काही विमानतळांवर हिरव्या पट्टीवर सूर्यफुलं असलेला गळपट्टा चालतो. न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी तो २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाला. जिथे कर्मचाऱ्यांना तो ओळखता येतो तिथे चांगला, नाहीतर नुसती फुलं. राजाला गळ्यात काही सहन होत नाही, त्यामुळे आमचा तो प्रश्नच मिटला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका गोष्टीवर गेला: टेबलाखाली गेला तर कोण काय करणार? बाबांनी स्वतःहून सांगितलं, मी जवळ बसतो. हात? हात पाठीमागे बांधून बसतो. आई मोठीला घेऊन उरलेला नाश्ता करणार, तिथेच, त्याच टेबलावर. उठून जायचं नाही.

गेले. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये कुणाच्या तरी हातून बशांचा ढीग पडला. राजा टेबलाखाली. बाबा खाली मांडी घालून बसले, हॉलकडे पाठ करून, हात खरोखर मागे धरून. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपलं ताट उचललं आणि त्या लांब जाऊन बसल्या. आईला ते लागलं. खोटं कशाला सांगू, तिनं मला परत आल्यावर पहिल्यांदा तेच सांगितलं. पण ठरलेलं वाक्य तिनं म्हटलंच नाही. म्हणायला कुणी जवळ उरलं नव्हतं. मोठीनं आईच्या ताटातलंही संपवलं. वीस मिनिटांनी टेबलाखालून आधी राजाचा पाय बाहेर आला, मग राजा. बाबांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यांना उठवायला हॉल सांभाळणाऱ्याला यावं लागलं.

चारही दिवस राहून आले. आता राजा ते फोटोंचं पुस्तक दाखवून तिथेच, त्याच खोलीत परत जायचं म्हणतो. आई तयार आहे. बाबांना नवीन काहीतरी बघायचंय. गेल्या आठवड्यात दोघं माझ्याकडे आले ते यावरून भांडत.