औषधी वनस्पतीचा अर्क जिवाणूंना रोखतो का आणि तो अँटिऑक्सिडंट आहे का, हे प्रयोगशाळेत कसं तपासतात?

जिवाणूंसाठी बहुतेक जण आधी आगर-वेल पद्धत वापरतात. म्युलर-हिंटन आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर जिवाणू एकसारखे पसरायचे, आगरला छोटं भोक पाडून त्यात अर्क भरायचा आणि प्लेट रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवायची. वाढ रोखली गेली असेल तर सकाळी भोकाभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं दिसतं. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारच्या भोकात नुसतं द्रावक, म्हणजे अर्क ज्या द्रवात विरघळवलाय तो द्रव, हवंच हवं. अर्क मिथेनॉलमध्ये असेल तर कडं वनस्पतीमुळे पडलं की मिथेनॉलमुळे, हे त्याशिवाय कळणारच नाही. एवढं विसरलं की सगळी मेहनत वाया जाते, म्हणून आवर्जून सांगतोय.

कड्याच्या आकारावरून दोन अर्कांची तुलना मात्र करू नका. आगरमध्ये हळू पसरणारा अर्क ताकदवान असूनही लहान कडं देऊ शकतो. तुलनेसाठी अर्क दर वेळी निम्मा पातळ करत जाऊन वाढ थांबवणारं किमान प्रमाण, म्हणजे एमआयसी, काढा. गडद अर्कात जिवाणूंच्या वाढीने येणारा गढूळपणा दिसत नाही, तेव्हा रेझाझुरिन हे रंगद्रव्य घाला; जिवंत जिवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात.

अँटिऑक्सिडंटसाठी डीपीपीएच चाचणी सोपी. अर्कात दम असेल तर डीपीपीएच या रसायनाचं जांभळं द्रावण पिवळसर होतं. अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण मोजायचं, तुलनेला क जीवनसत्त्व.

या निकालांवरून डोस ठरवू नका. अर्क पेशींना विषारी आहे का, ही चाचणी अजून बाकी असते.