लातूरला आमची आडत आहे. बिलिंगचं एकच लॉगिन चौघं वापरतो. मुनीम काम सोडून गेले, पासवर्ड बदलला की झालं का?

नाही, तेवढ्यानं भागत नाही. पासवर्ड बदलला तरी बऱ्याच सेवांमध्ये आधी उघडलेलं लॉगिन जुन्या मोबाइलवर चालूच राहतं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा.

मग रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा, नंबर आणि ईमेल बघा. खातं मुनीमजींनीच उघडलेलं असेल तर बहुतेक त्यांचाच नंबर निघेल, आणि ओटीपी त्यांच्याकडे जात असेल तर नवा पासवर्डही तेच ठेवू शकतात. मुनीमजी भले देवमाणूस असोत, नंबर मालकाचाच हवा. ओटीपीसाठी एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे मोबाइलवरच कोड तयार करणारं ॲप, बरं. डुप्लिकेट सिम काढून कुणी एसएमएस पळवू शकतो.

पुढे प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. काट्यावरच्या पोराला सोयाबीनचं वजन टाकायचंय, त्याला शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर कशाला दिसायला हवेत? पट्टीसाठी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबासाठी, घेतलेले आधार, पासबुकाचे फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडून असतील तर तेही काढा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसार अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर आहे. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा.