घोडा चोवीस तास रानात ठेवला तर त्याचा जोम जातो का?

माळेगावच्या यात्रेतून आणलेला चार वर्षांचा घोडा तबेल्यात लाथा झाडतो, चावायला धावतो. त्याला कायमचा शेतात ठेवला तर शांत होईल, की वरातीत नाचायची रगच जाईल, असं तुम्ही विचारलंय. मी नांदेड जिल्ह्यातल्या लोहा-कंधारकडचा, घरात घोडी आहेत, म्हणून सांगतो.

रग जात नाही. जाते ती कोंडल्याची चिडचिड, आणि पुष्कळ लोक तिलाच रग समजतात. तबेल्यातून सुटल्या सुटल्या दोन पायांवर उभा राहिला की 'काय पाणी आहे जनावरात' म्हणायचं! दिवसभर एका जागी बांधलेलं जनावर दुसरं काय करणार?

मुळात घोड्याचं पोट रिकामं राहण्यासाठी नाही. मोकळा असला तर तो दिवसरात्र मिळून 16 तासांच्या आसपास चरतो. पोटात आम्ल सतत सुटत असतं, त्याला उतारा लाळेचा, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावताना. सकाळ-संध्याकाळ चंदी, म्हणजे दाणा, आणि मध्ये दोन पेंढ्या कडबा एवढ्यावर ठेवलेला घोडा उरलेले तास जळतं पोट घेऊन उभा राहतो. त्यात भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी कामाच्या घोड्याइतकी आणि काम मात्र लग्नसराईपुरतं. मग गव्हाण कुरतडणं, लाकडाला दात टेकवून हवा ओढणं, जागच्या जागी झुलणं सुरू होतं. रानात सोडल्यावर यातलं बरंच कमी होतं. हवा ओढायची खोड जुनी असेल तर ती बहुतेक राहतेच, तेवढी आशा ठेवू नका.

आता 'बाहेर' म्हणजे काय ते बघा. आपल्याकडं बाहेर ठेवणं म्हणजे लिंबाखाली आगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरानं बांधून, उभा करणं. त्यानं काही बदलत नाही, नुसतं छप्पर जातं. फरक पडतो तो हिंडण्यानं, चरण्यानं आणि सोबतीनं. बालाघाटाच्या डोंगरात मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगरांची तट्टं पाहिली असतील. बारमाही उघड्यावर, पाठीवर बिऱ्हाड, वर कोंबड्या, कधी लेकरू, तरी बुजत नाहीत. पण ती रोज चालतात आणि कधी एकटी नसतात.

सोबतीचं मी मुद्दाम सांगतोय, कारण त्याचा झोपेशी संबंध आहे. घोडा उभ्यानं डुलक्या घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला अंग टाकावंच लागतं, आणि आजूबाजूला सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. एकटा रानात, रात्रभर कुत्री-कोल्ही फिरतायत, असा घोडा कित्येक दिवस बसतच नाही. मग दिवसा पेंगतो, पेंगताना पुढचे गुडघे मोडतात, आणि मालक म्हणतो बाहेर ठेवून सुस्त झाला. दुसरी घोडी उत्तम, नाहीतर गाढव, अगदी शेळीसुद्धा चालते.

खरी सुस्ती दिसली तर आधी चारा बघा. आपल्या रानात गवत मृगानंतर दिवाळीपर्यंतच. होळीनंतर मोकळ्या शिवारात घोडा सोडणं म्हणजे उपाशी सोडणं. वाळलं गवत, कडबा, मीठ आणि पाणी तुम्हालाच पुरवायचंय, उन्हाळ्यात दिवसाला 40-50 लिटर पाणी सहज लागतं. कोवळ्या ज्वारीत आणि कापलेल्या ज्वारीच्या खोडव्याच्या फुटव्यात मात्र सोडू नका, विषबाधा होते. पावसाळ्यानंतर ताप येतो-जातो, पायांना सूज, अंग उतरलेलं असं दिसलं तर सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा रोग, असू शकतो. तो गोमाश्यांमुळं पसरतो. जनावरांच्या डॉक्टरकडून रक्त तपासून घ्या, अंदाजानं इंजेक्शन नको.

थंडीची काळजी करू नका, डिसेंबरची पहाट त्याला मानवते; उलट तेव्हा तो जास्त उड्या मारेल. त्रास ऊन आणि चिखलाचा. मे महिन्यात दुपारी सावलीत मान खाली घालून उभा राहील, चरेल पहाटे आणि रात्री. ती सुस्ती नव्हे, त्यामुळं रपेट उजाडतानाच घ्या. काळ्या मातीत पावसाळ्यात खूर सडतात, म्हणून मुरमाची एक कोरडी जागा आणि वर पत्रा हवाच.

सुरुवातीला आठ-पंधरा दिवस तो कुंपणाच्या कडेनं पळेल, खिंकाळेल. दिवसा थोडा थोडा वेळ सोडत वाढवत न्या, चंदी कमी करा, आणि नवं हिरवं गवत एकदम भरपूर देऊ नका, नाहीतर पोटशूळ ठरलेला. एक तोटा नक्की होईल: हाताला लागायचा नाही. तुम्ही फक्त लगाम घेऊन दिसलात तर तो शेताच्या दुसऱ्या टोकाला. रोज ठरलेल्या वेळी चंदी घेऊन जा, खरारा करा आणि सोडून द्या. आणि डीजेची सवय रानात राहून होत नाही. ती वेगळी, लांबून हळूहळू आवाज ऐकवत करून घ्यावी लागेल.